ऐपत विचारा, पण मग सगळ्यांनाच विचारा

यवतमाळ शहर चारही बाजूंनी वाढत आहे. दारव्हा रोड, आर्णी रोड, वडगाव, लोहारा, उमरसरा, वाघापूर. कालपर्यंत जिथे पऱ्हाटी उभी होती तिथे आज लेआउटचे दगड रोवलेले दिसतात. शिक्षक, नर्स, एस.टी.चे कर्मचारी, बँकेतले कारकून, वणीकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले कामगार घर पाहत फिरत आहेत. त्यांत आपला समाज मोठ्या संख्येने आहे. बाबासाहेबांमुळे शिकलेली आणि नोकरीला लागलेली पिढी निवृत्त होऊ लागली, तिची मुले कमावती झाली, आणि दोन खोल्यांतून बाहेर पडावे असे त्यांना वाटू लागले. या घर पाहणाऱ्यांना आता एक नवी अट ऐकावी लागते: आधी बँकेचे कर्जमंजुरीपत्र दाखवा, मग घर दाखवू. मुंबई-पुण्याच्या महागड्या फ्लॅटच्या बाजारातली ही रीत जिल्ह्याच्या गावी येऊन पोहोचली आहे. ती योग्य आहे काय?

आधी विकणाऱ्याची बाजू पाहू, कारण ती खोटी नाही. घर विकायला काढले की रविवारी सकाळपासून माणसे येतात. स्वयंपाकघरापर्यंत जातात, मोरी पाहतात, नळाला किती दिवसांनी पाणी येते ते विचारतात (यवतमाळात हा प्रश्न भावाच्याही आधी येतो), चहा पितात आणि परत कधी दिसत नाहीत. दुसरा प्रकार त्याहून वाईट. सौदा ठरतो, इसार घेतला जातो, सौदाचिठ्ठी होते आणि चार महिन्यांनी कळते की घेणाऱ्याला बँकेने कर्जच नाकारले. तोवर दुसरे गिऱ्हाईक गेलेले असते, आणि इसार परत करण्यावरून भांडण सुरू होते. घरात एकटी राहणारी म्हातारी बाई असेल तर कोणाही अनोळखी माणसाला आतल्या खोलीपर्यंत नेण्यात धोका आहेच. समोरच्याकडे पैशाची सोय आहे काय, हे विचारणे गैर नाही. इतके मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

प्रश्न असा आहे की ही अट घातली कोणाला जाते आणि कोणाला घातली जात नाही?

आपल्या वाचकांना हा अनुभव सांगण्याची गरज नाही. फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "पूर्ण नाव काय तुमचं?" आपल्या विदर्भात आडनावावरून जात दरवेळी कळत नाही. वानखडे कुणबीही असतात आणि बौद्धही. गायकवाड, भगत, इंगोले यांचेही तसेच. मग दुसरा प्रश्न, "मूळ गाव कोणतं?" तिसरा, "सध्या राहता कुठे?" पाटीपुरा असे उत्तर मिळाले की चौथा प्रश्न लागत नाही. घर कालच गेलेले असते, किंवा मालकाच्या भावाचा विचार बदललेला असतो. हे इतके सवयीचे झाले आहे की आपण त्याला अपमान म्हणणेही सोडून दिले आहे. आता अडचण अशी आली आहे की शिकलेल्या माणसाला जात विचारायला संकोच वाटतो. त्याला एक सभ्य प्रश्न हवा होता. "ऐपतीचा पुरावा आहे काय?" हा तो सभ्य प्रश्न. ओळखीच्या, आपल्या जातीच्या गिऱ्हाइकाला तो विचारायचा नाही. त्याला गाडीत बसवून घर दाखवायचे. परक्याला मात्र मंजुरीपत्र मागायचे, ते आणले की पगारपत्रक मागायचे, तेही आणले की आयकराचे तीन वर्षांचे कागद मागायचे. माणूस कंटाळून जातो आणि कोणी नाही म्हटल्याचा पुरावा मागे राहत नाही.

ऐपत असूनही दार बंद होते, हे आपल्या चळवळीला कोणी नव्याने शिकवायला नको. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी मुक्कामघरात राहिले. दिवसाला दीड रुपया भाडे द्यायची त्यांची तयारी होती आणि ते देण्याची ऐपतही होती. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिन्यावर आले. त्यांनी भाडे थकले म्हणून जाब विचारला नाही, तू कोण म्हणून विचारला. नंतर हिंदू मित्राने नकार दिला, ख्रिस्ती मित्रानेही दिला. दिवस त्यांनी बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पगार, पदवी, राजाची नोकरी, तिन्ही गोष्टी खिशात होत्या. त्या काळी मंजुरीपत्र नावाची वस्तू असती तर तीही त्यांनी दाखवली असती आणि उपयोग शून्य झाला असता.

ही जुनी गोष्ट झाली असे म्हणणाऱ्यांसाठी नवी सांगतो. आपल्या अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची तपासणी केली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. एकाच घरासाठी सवर्ण, दलित आणि मुस्लिम अशा वेगवेगळ्या नावांनी फोन केले. फोनवरच दलितांपैकी १८ टक्क्यांना आणि मुस्लिमांपैकी ३१ टक्क्यांना सरळ नकार मिळाला. पण माझ्या मते त्यातला महत्त्वाचा भाग नकाराचा नाही. आणखी २३ टक्के दलितांना घर मिळत होते, पण वेगळ्या अटींवर: भाडे जास्त, बंधने जास्त. म्हणजे नकार देणाऱ्यांपेक्षा अटी घालणारे अधिक निघाले. ऐपतीच्या पुराव्याची अट याच वर्गातली आहे, आणि ती भाड्याच्या घरापेक्षा विकतच्या घरात अधिक सोयीची, कारण तिथे रक्कम मोठी असते आणि चौकशी रास्त दिसते.

अमेरिकेत हे उघडकीला आले ते असेच. तिथे घर विकताना वंशभेद करायला १९६८ सालापासून कायद्याने बंदी आहे; मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात तो कायदा झाला. तरीही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागात 'न्यूजडे' या वृत्तपत्राने तीन वर्षे खपून तपास केला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये छापला. सारख्याच उत्पन्नाचे एक गोरे आणि एक काळे गिऱ्हाईक एकाच दलालाकडे पाठवायचे आणि गुप्तपणे चित्रण करायचे, अशी पद्धत. काळ्या गिऱ्हाइकांना जवळपास निम्म्या वेळा, ४९ टक्के, वेगळी वागणूक मिळाली. त्यात एक प्रकार नेमका आपल्या विषयाचा होता: काळ्याला सांगितले, बँकेचे पूर्वमंजुरीपत्र आणा, त्याशिवाय घरे दाखवत नाही, त्याच दलालाने गोऱ्याला कागद न मागता घरे फिरवून दाखवली.

यावर न्यूयॉर्क राज्याने जो उपाय केला तो विचार करण्याजोगा आहे. पुरावा मागण्यावर त्यांनी बंदी घातली नाही. २०२२ पासून प्रत्येक दलालाने लिहून जाहीर केले पाहिजे की घर दाखवण्याआधी तो ओळखपत्र मागतो की नाही, करार करून घेतो की नाही आणि बँकेची पूर्वमंजुरी मागतो की नाही. जे लिहिले ते सर्वांना लागू. तोंडी अट माणूस बघून बदलते. लिहिलेली अट बदलली तर ती पकडता येते.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. उलट तो तिथल्यापेक्षा जुना आहे, फक्त कपाटात पडला आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याचे १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव झाले. त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, मिळवण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिले आहे. कलम १२ तर आणखी पुढे जाते: पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे, तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीची. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा असल्याने हे आपल्याला लागू आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद. दंड मात्र शंभर ते पाचशे रुपये, म्हणजे आज सौदाचिठ्ठीचा मसुदा लिहून देणारा त्याहून अधिक घेतो. मग घराच्या नकारावरून तक्रारी का होत नाहीत? कारण नकार कोणी देतच नाही. घर "गेलेले" असते किंवा कागद "अपुरे" असतात.

दुसऱ्या बाजूने न्यायव्यवस्थेने आपली वाट अवघडही केली आहे. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरते राखण्याची उपविधी वैध ठरवली. बडोद्याच्या जिन्यावरच्या काठ्या आठवल्याशिवाय हा निकाल वाचता येत नाही. आणि आपल्या पुढाऱ्यांचे म्हणाल तर, सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली तेव्हा सगळे पक्ष धावून गेले. चांगलेच झाले. पण त्याच मराठी माणसांच्या सोसायट्यांत मराठी बौद्धाला काय विचारतात, यावर त्यांपैकी कोणाची पत्रकार परिषद झाल्याचे आठवत नाही.

ऐपतीच्या या प्रश्नात आणखी एक लबाडी आहे. पुष्कळ विकणाऱ्यांना बँकेचा पैसा नकोच असतो. त्यांना निम्मी रक्कम रोख हवी असते. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, तरी बाजार चालतो तसा चालतो. आपला गिऱ्हाईक बहुधा पगारदार, पैसा सगळा बँकेचा, खरेदीखतात पूर्ण किंमत लिहा म्हणणारा. असा माणूस खरा ऐपतदार. पण काळ्या पैशाच्या हिशेबात तोच कमी ऐपतीचा ठरतो.

याउलट ज्याच्याकडे पगारपत्रक नाही त्याचे काय? हा कापसाचा जिल्हा आहे. इथे अनेकांच्या हातात पैसा येतो तो कापूस विकल्यावर, वर्षातून एकदा. भाजीची गाडी लावणारा, गवंडीकाम करणारा, टेलरिंग करणारी बाई, यांच्याकडे दरमहाचा कागद नसतो, बचत असते. बँकेने अशा माणसाला अमुक रकमेपर्यंत कर्ज देऊ असे एका ओळीचे पत्र दिले किंवा त्याने खात्यातली शिल्लक दाखवली तर ती पुरेशी मानली पाहिजे. पगारपत्रकच हवे म्हणणे म्हणजे घर फक्त नोकरदारांनी घ्यावे असे म्हणणे.

म्हणून माझे मत असे: घर दाखवण्याआधी कोणताही पैशाचा कागद मागू नये. कारण पैशाचा कागद आणि नावाचा कागद एकच असतो. मंजुरीपत्रावर पूर्ण नाव, वडिलांचे नाव, पत्ता, सगळे असते. दारात तो मागितला की तो चाळणी होतो. घर पाहून झाल्यावर, भाव ठरल्यावर, सौदाचिठ्ठीच्या आधी मागितला तर ती खबरदारी ठरते. तेव्हाही रकमेपुरते बँकेचे पत्र पुरे. पगारपत्रके आणि आयकराचे कागद दलालाच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवायचे कारण नाही. आणि जी अट एकाला ती सर्वांना, दलालाच्या दुकानात फळ्यावर लिहिलेली. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पांतल्या दलालांना महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. त्याच नियमांत ही लेखी अट आणि जातधर्म न विचारण्याची अट घाला, ही मागणी आपल्या संघटनांनी करायला हवी. आरक्षणाच्या मोर्चाइतकी गर्दी तिला होणार नाही, तरी करायला हवी.

जाता जाता आपल्यातल्या विकणाऱ्यांनाही विचारतो. आपले घर विकताना दारात मुस्लिम, मातंग किंवा मेहतर कुटुंब आले तर आपण काय काय विचारतो?

यवतमाळातल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, एक काम हाती घ्यावे. सारखा पगार आणि सारखेच मंजुरीपत्र असलेली दोन कुटुंबे निवडावीत, एक बौद्ध आणि एक सवर्ण मित्राचे. विकाऊ म्हणून जाहिरात आलेल्या एकाच घरासाठी दोघांनी एकाच दिवशी फोन करावा. तारीख, वेळ, दलालाचे शब्द, कोणाकडे कोणता कागद मागितला, हे वहीत लिहून ठेवावे. पन्नास घरांची अशी वही तयार झाली तर कलम १२ ला काही आधार मिळेल. मात्र पहिला फोन बौद्ध कुटुंबाने करावा आणि दुसरा सवर्णाने. उलट केले तर "घर कालच गेलं" हे उत्तर खरेही असू शकते.