समतेच्या नावाने वेतनाला वेसण

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे मालक पुन्हा एकदा समतेची भाषा बोलू लागले आहेत. भांडवलदाराच्या तोंडी समतेचा शब्द आला की कामगार चळवळीतील माणसाने दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. समता कोणाकोणांत आणावयाची आहे, आणि तिची किंमत कोणाच्या खिशातून वसूल व्हावयाची आहे? आपल्याकडे फारसा न खेळला जाणारा हा खेळ येथे चर्चेला घेण्याचे कारण एवढेच की, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या इतिहासाने विलक्षण स्पष्टपणे दिली आहेत.

प्रथम मालकांची बाजू पाहू. ‘मेजर लीग’ या सर्वोच्च स्पर्धेत ३० संघ आहेत. २०२५च्या हंगामाच्या आरंभी लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा खेळाडूंवरील वेतनखर्च ३२ कोटी डॉलरांच्या आसपास होता, तर मायामीच्या मार्लिन्सचा सात कोटींच्या आसपास. २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपद डॉजर्सकडेच गेले. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने १९९८ ते २००० अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळविली, त्यानंतर असे कोणालाही साधले नव्हते. श्रीमंत शहरांचे संघ गुणवंत खेळाडू विकत घेतात, चुरस संपते, प्रेक्षक पाठ फिरवितात. म्हणून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला कायद्यासारखी कमाल मर्यादा हवी, असा हा युक्तिवाद आहे. १ डिसेंबर २०२६पर्यंतच्या सामूहिक करारात अशी मर्यादा नाही. ठरावीक रकमेपुढील खर्चावर दंडवजा कर मात्र आहे.

यातील चिंता खोटी नाही. बाजारात प्रतिस्पर्ध्यांना नामशेष करणाऱ्या कारखानदाराचा नफा वाढतो. खेळात प्रतिस्पर्धीच उरला नाही, तर विकावयास सामनाही उरत नाही. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली खेळाच्या अर्थकारणाचे हे वैचित्र्य मांडले होते. वाद आहे तो उपायासंबंधी.

कारण हा उपाय नवा नाही. १८७९ साली मालकांनी आपापसांत असे ठरविले की, एका संघाने राखून ठेवलेल्या खेळाडूला दुसऱ्याने घ्यावयाचे नाही. प्रथम पाच-पाच खेळाडूंपुरते असलेले हे बंधन पुढे सर्वांना लागू झाले. कराराची मुदत संपली तरी खेळाडू मालकाचाच. मालक मात्र त्याला वाटेल तेव्हा विकण्यास मोकळा. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आणि या वेठबिगारीवर राजमान्यतेचा शिक्का बसला. तिच्या समर्थनार्थ सांगितले जाणारे कारण तेव्हाही हेच होते : खेळाडू मोकळे झाले तर श्रीमंत संघ त्यांना पळवितील.

प्रत्यक्षात काय घडले? १९२१ ते १९६४ या ४४ हंगामांत यांकीजने आपल्या लीगचे विजेतेपद २९ वेळा मिळविले आणि अंतिम अजिंक्यपद २० वेळा. खेळाडू पूर्ण जखडलेले असताना चुरशीची ही अवस्था होती. गरीब संघांचे मालक आपले चांगले खेळाडू श्रीमंत संघांना विकत होते, एवढाच त्याचा अर्थ. सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ सालीच दाखवून दिले होते की, खेळाडू मोकळा असो वा बांधलेला, तो अखेर जाणार जेथे त्याच्या खेळातून अधिक उत्पन्न होते तेथेच. फरक पडतो तो त्या उत्पन्नाचा वाटा खेळाडूला मिळतो की मालकाला, एवढाच.

ही साखळी तोडण्याचे काम संघटनेने केले. पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून काम केलेले मार्व्हिन मिलर १९६६ साली खेळाडू संघटनेचे प्रमुख झाले. १९६९ साली सेंट लुईस संघाने कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे बजावून ते न्यायालयात गेले आणि १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी हरले. त्यांची कारकीर्द संपली. परंतु २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली हे दोन खेळाडू मुक्त असल्याचा निवाडा दिला. मालकांनी साइट्झ यांना तत्काळ बडतर्फ केले, पण निवाडा टिकला.

आता खेळ बुडणार, असा आक्रोश झाला. पुढे १९७८ ते १९८७ या दहा वर्षांत दहा निरनिराळे संघ अजिंक्य ठरले! याचे सारे श्रेय स्वातंत्र्याला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. १९६५पासून होतकरू खेळाडूंच्या निवडीत मागे पडलेल्या संघांना प्राधान्य मिळू लागले होते, त्याचाही हा परिणाम होता. मात्र मजुराला मोकळे केल्याने चुरस मरते, ही भीती खोटी ठरली. २००२ साली ओकलंडच्या संघाने यांकीजच्या सुमारे एक-तृतीयांश वेतनखर्चात त्यांच्याइतकेच, म्हणजे १०३ सामने जिंकले.

मालकांनी हार मानली नाही. १९८५ ते १९८७ या काळात त्यांनी संगनमत करून मुक्त खेळाडूंना मागणीच ठेवली नाही. त्यापोटी १९९० साली त्यांना २८ कोटी डॉलर भरपाई मान्य करावी लागली. १९९४ साली वेतनमर्यादा लादण्याच्या हट्टापायी संप ओढवला, तो २३२ दिवस चालला आणि त्या वर्षीची अंतिम मालिकाच रद्द झाली.

विषमतेचे मूळ वेतनात नसून उत्पन्नात आहे. लॉस एंजेलिस वा न्यूयॉर्कसारख्या महानगरातील संघाला स्थानिक दूरचित्रवाणीच्या हक्कांतून जे मिळते, ते पिट्सबर्गला स्वप्नातही मिळणार नाही. प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के हिस्सा एकत्र करून समान वाटण्याची व्यवस्था आहे. पण मिळालेला पैसा संघावर खर्च करण्याची ठोस किमान मर्यादा नाही. २०१८ साली खेळाडू संघटनेने चार संघांविरुद्ध याच कारणासाठी तक्रार नोंदविली. शिवाय बहुतेक मालकांच्या हिशेबाच्या वह्या बंद असतात. समता खरोखरच हवी असेल तर मालकांनी आपले उत्पन्न अधिक प्रमाणात वाटून घ्यावे, किमान खर्चाचे बंधन स्वीकारावे आणि वह्या उघडाव्यात.

शोहेई ओतानी या खेळाडूशी डॉजर्सने २०२३ साली दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरांचा करार केला. अशा धनिकांची कणव समाजवाद्याने का बाळगावी, असे कोणी कार्यकर्ता विचारील आणि तो प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, कणवेचा येथे संबंध नाही. खेळाडूला न दिलेला डॉलर मैदान झाडणाऱ्याला वा स्वस्त तिकिटाच्या रूपाने प्रेक्षकाला मिळत नाही. तो मालकाकडे राहतो. अवाढव्य प्राप्तीला आळा घालावयाचा तर तो करांनी घालावा, आणि त्यात मालकालाही गाठावे.

संघटनेलाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. कनिष्ठ लीगमध्ये राबणाऱ्या हजारो तरुणांकडे तिने कित्येक दशके पाहिले नाही. सर्वांत खालच्या पायरीवरील खेळाडूला वर्षाला ४,८०० डॉलर मिळत. २०२२ साली त्यांना संघटनेत घेतले गेले आणि २०२३च्या पहिल्याच करारात ती रक्कम १९,८०० झाली. वरच्यांनी हात पुढे करताच खालच्यांची मजुरी चौपट झाली, तर हा हात इतकी वर्षे आखडता का होता?

आपल्याकडील आयपीएलमध्ये वेतनमर्यादा आहे. २०२५च्या हंगामाच्या लिलावासाठी ती प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होती. ती ठरविताना मात्र समोर बसून सौदा करणारी खेळाडूंची संघटना नव्हती. ज्या समतेचा मसुदा एकटा मालक लिहितो, तिच्यात मजुराचा वाटा वाढल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.