विश्लेषण : पोराची फाईल सांभाळणाऱ्याला पगार किती?

कामठी : तालुक्यातलं अठरा वर्षांखालचं पोरगं गुन्ह्यात सापडलं, तर प्रकरण कामठीच्या नेहमीच्या कोर्टात चालत नाही. ते आधी नागपूरच्या बाल न्याय मंडळापुढे जातं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. गावाला हे तिघंच दिसतात. कागद सांभाळणारा चौथा माणूस कोणाच्या नजरेत येत नाही.

वयासाठी शाळेचा दाखला आला का, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आहे का, सामाजिक तपासणी अहवाल फाईलला लागला का, हे सगळं त्याच्याकडे. वरून मुलाचं नाव बाहेर फुटू द्यायचं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. चौकशी चार महिन्यांत संपवायची, गरज पडल्यास दोन महिने वाढवायचे, असंही कायदा सांगतो. पण एक कागद अडकला की तारीख पुढे. मग पोराची शाळा बुडते आणि बापाची मजुरीही.

आता पगाराचं बघा. जिल्हा न्यायालयातल्या कायम कनिष्ठ लिपिकाची वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० रुपये, शिवाय महागाई भत्ता. मंडळासाठी मात्र केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत सहायक नि डेटा एंट्री ऑपरेटरचं पद आहे, तेही कंत्राटी. मानधन ठरलेलं. महागाई वाढली तरी ते आपोआप वाढत नाही.

कायम लिपिक परीक्षा देऊन आला, कंत्राटी माणूस योजनेतून आला, मग बरोबरी कशी, असं कोणी म्हणेल. मुद्दा खोटा नाही. पण २६ ऑक्टोबर २०१६ ला पंजाब सरकार विरुद्ध जगजितसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, काम आणि जबाबदारी सारखी असेल तर तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही कायम पदाच्या श्रेणीतलं किमान वेतन मिळायला पाहिजे. म्हणजे प्रश्न कामाचा आहे, आणि ते काम मोजायची जबाबदारी सरकारची आहे.

कमी मानधनात माणूस टिकत नाही. दुसरी नोकरी मिळाली की निघून जातो. नवीन येतो, त्याला फाईली समजेपर्यंत महिने जातात. सरकारचे चार पैसे वाचतात, पण त्याची किंमत कामठी, मौद्याच्या घरांना तारखांवर चकरा मारून मोजावी लागते.