‘पास’ शब्दाची परीक्षा

इंग्रजीतला एक शब्द आपणा सर्वांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येतो. त्याचा अर्थ कोणी विचारला तर आपल्याला हसूच येईल. तो शब्द म्हणजे ‘पास’. परीक्षेत पास, रेल्वेचा पास, सभेत ठराव पास, गावाबाहेरून जाणारा बायपास, आणि लोकलच्या डब्यात दाणे विकणाऱ्याची ‘टाइमपास, टाइमपास’ ही आरोळी! २०१४ साली तर ‘टाइमपास’ नावाचा मराठी चित्रपटही येऊन गेला. इतक्या घरोब्याच्या या शब्दाने मला गेल्या मे महिन्यात तोंडघशी पाडले. त्यावरून जे विचार मनात आले ते माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडते.

सुट्टीत कुठे काम मिळाले तर फीला हातभार लागेल म्हणून मी एका ठिकाणी मुलाखतीला गेले होते. ठिकाणाचे नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. आदल्या रात्री इंग्रजीतली चार वाक्ये पाठ केली होती. “स्वतःविषयी सांगा,” असे म्हणताच मी सुरुवात केली, “आय पास्ड आउट ट्वेल्थ इन २०२४.” समोर दोन गृहस्थ बसले होते. त्यांपैकी एकाने चष्मा वर करून विचारले, “असं? मग शुद्धीवर कधी आलात?” दुसरे गृहस्थ हसले. मीही हसले. काय झाले ते मला कळलेच नव्हते; मोठी माणसे हसत आहेत तर आपणही हसावे, एवढेच कळले. काम मिळाले नाही. स्टेशनवरून होळीपर्यंत बसमध्ये मी त्या वाक्याचा काथ्याकूट करीत राहिले.

कॉलेज सुरू झाल्यावर ग्रंथालयात जाऊन जाडा शब्दकोश काढला. ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणे! दोन महिन्यांनी का होईना, विनोद समजला आणि कान गरम झाले. म्हणजे बारावीत मी घेरी येऊन पडले, असे मी त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. पण त्याच नोंदीत थोडे खाली आणखी एक अर्थ दिलेला होता : लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत होते ती ‘पासिंग आउट परेड’ याच अर्थाची. ३० मे २०२५ रोजी तेथून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा सगळीकडे हाच शब्द छापून आला होता. आणि त्या मुली काही बेशुद्ध पडल्या नव्हत्या! आपण कॉलेजातून ‘पास आउट’ होतो ते याच नात्याने आले असावे.

म्हणून माझे बरोबर होते आणि त्या गृहस्थांचे चुकले, असा माझा दावा मुळीच नाही. माझे वाक्य चुकलेलेच होते. बारावी ही परीक्षा आहे, त्यामुळे ‘आय पास्ड द ट्वेल्थ स्टँडर्ड एक्झॅमिनेशन’ असे सरळ म्हणायला हवे होते. ‘आउट’ला तेथे कामच नव्हते. पण ते गृहस्थ हसले नसते आणि “मुली, येथे आउट नको” एवढे चार शब्द बोलले असते, तर मला दोन महिने थांबावे लागले नसते. हसणे आणि सुधारणे यांत केवढे अंतर आहे, ते मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर मला या शब्दाचा नादच लागला. आपल्या मराठीत ‘पास’ हे जवळजवळ विशेषण होऊन बसले आहे. ‘मी पास आहे’, ‘तो पास झाला’ असे आपण म्हणतो. जसे ‘मी आजारी आहे’, ‘तो मोठा झाला’. इंग्रजीत मात्र ते क्रियापद आहे. म्हणून ‘आय ॲम पास’ हे वाक्य तिकडे उभे राहत नाही. आपण ‘परीक्षेत’ पास होतो. परीक्षा हे जणू एक ठिकाण आहे आणि तेथे आपल्याला काहीतरी ‘होते’. इंग्रजीत परीक्षा हे कर्म आहे. माणूस ती ओलांडतो. म्हणून ‘आय पास्ड इन द एक्झॅम’ न म्हणता ‘आय पास्ड द एक्झॅम’ म्हणायचे. ‘पास्ट’ आणि ‘पास्ड’ कानाला सारखेच लागतात, पण गाडी नायगाववरून पुढे गेली हे ‘द ट्रेन पास्ड नायगाव’ असेही सांगता येते आणि ‘द ट्रेन वेंट पास्ट नायगाव’ असेही. दोहोंचे स्पेलिंग मात्र निराळे. ‘पास अवे’ म्हटले की माणूस वारला. एवढ्याशा ‘अवे’ने जन्माचा शेवट होतो!

या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतला ‘पाऊल’ या अर्थाचा शब्द आहे. आणि आपला ‘उत्तीर्ण’? त्यात ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे हा संस्कृत धातू आहे. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये खाडीचा पूल लागतो तेव्हा हे मला नेहमी आठवते. एका भाषेने पाऊल टाकून पलीकडे नेले, दुसरीने तरून. पण पलीकडे जायचे हे दोघींनाही ठाऊक आहे.

आमच्या घरात हा शब्द तीन प्रकारांनी नांदतो. माझी आई चौथी शिकलेली. ती वाडीतली भाजी आणि केळी घेऊन पहाटेच्या लोकलने बोरिवलीला जाते. तिचा पास म्हणजे रेल्वेचा पास. ‘पास संपला’, ‘पास काढायचाय’, ‘टीसीला पास दाखवला’. आजवर या शब्दाचे एकही वाक्य तिने चुकवलेले नाही. वास्तविक ज्याला आपण पास म्हणतो त्याला रेल्वेच्या कागदोपत्री सीझन तिकीट म्हणतात. पास म्हणजे रेल्वे आपल्या नोकरांना फुकट प्रवासासाठी देते तो. पण आईने आणि तिच्यासारख्या हजारो बायकांनी या शब्दाला मराठीत घर दिले, त्याला पुल्लिंग दिले. बस ‘ती’, टेबल ‘ते’, पास ‘तो’. यासाठी कोणती समिती बसली होती? मराठीत आलेला शब्द मराठीच्या कायद्याने वागतो आणि ते योग्यच आहे. चूक होते ती आपण तो शब्द मराठी कपड्यांनिशी परत इंग्रजीच्या घरी पाठवतो तेव्हा.

बाबांचा शब्द निराळा आहे : ‘नापास’. हा शब्द इंग्रजांनाही ठाऊक नाही. नाराज, नापसंत यांतला फारसी ‘ना’ इंग्रजी ‘पास’ला जोडून आपण तो घडवला आहे. बाबांना दहावीत बाकी सगळ्या विषयांत चांगले गुण होते. इंग्रजीत ३१ मिळाले. पस्तिसाला चार कमी. त्यांच्या वेळी शाळेत एबीसीडीची ओळखच पाचवीत होत असे. तेव्हापासून कोणी शिक्षण विचारले की ते म्हणतात, “मी दहावी नापास.” नववी पास असे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. खरे तर नऊ इयत्ता ते पास झाले होते, पण चार गुणांनी त्यांचे नावच बदलून टाकले.

तिसरा पास माझा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या मुलांनाही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बाबांहून चार वर्षे आधी मी हा विषय सुरू केला, आणि बारा वर्षे शिकून ‘पास’वर अडखळले. असे का व्हावे? माझ्या मते त्याचे कारण आमच्या शब्दार्थाच्या वहीत आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मधोमध उभी रेघ. ‘पास – उत्तीर्ण होणे.’ बस्स! हा शब्द कोणत्या वाक्यात चालतो, त्याच्या मागेपुढे काय येते, कोणता छोटा शब्द लागला की त्याचा अर्थ उलटतो, हे त्या रेघेच्या कोणत्याच बाजूला नव्हते. दांड्याशिवाय कुदळ हाती द्यावी तसे शब्द आमच्या हाती दिले गेले. आईला मात्र तिचा ‘पास’ कोणी अर्थासकट शिकवला नाही. तिला तो वाक्यांतून मिळाला, रोजच्या गरजेतून मिळाला. म्हणून तो तिचा झाला.

काही मित्र म्हणतील, “चालतं गं! अर्थ कळला की झालं. आपली भाषा थोडीच आहे ती?” हे मला पटत नाही. जी भाषा आपल्याला नोकरीच्या दारात उभी करते वा परत पाठवते, तिच्याशी ‘चालतं’ म्हणून चालत नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी आहे त्यांचे चालून जाते. आपले चालत नाही. दुसरे काही म्हणतील, “इंग्रजीचे एवढे लाड कशाला?” लाड नकोतच. पण शेजाऱ्याकडून उसनी आणलेली वस्तू नीट वापरावी यात लाचारी कसली?

तथापि शब्द वाक्यातून शिकायचा तर आधी वाक्य बोलावे लागते, आणि बोलले की चुकणार. खरी अडचण येथेच आहे. आपल्या वर्गात इंग्रजीत कोणी उभे राहिले की मागच्या बाकावरून खसखस पिकते. आणि इंग्रजीचेच कशाला? आपल्या वसईत सामवेदी बोलणारी मुले आहेत, पूर्वेच्या पाड्यांवरून येणारी वारली मुले आहेत. गेल्या वर्षी अशाच एका वर्गबंधूने वक्तृत्व स्पर्धेत बोलीतला शब्द वापरला, तेव्हा हसणाऱ्यांत मीही होते. त्या दिवशी मी त्या चष्म्याच्या गृहस्थांच्याच रांगेत बसले होते. तो पुढे स्पर्धेला आलाच नाही. हे येथे लिहिल्याशिवाय मला त्या गृहस्थांवर लिहिण्याचा अधिकार नाही.

म्हणून गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना माझी एक नम्र सूचना आहे. आठवड्यातून एक तास असा असावा की त्यात रोजच्या वापरातला एकच शब्द घ्यायचा आणि प्रत्येकाने त्याची पाच वाक्ये बोलायची. चुकलेले वाक्य फळ्यावर लिहायचे, त्याच्याखाली सुधारलेले लिहायचे, बोलणाऱ्याचे नाव मात्र लिहायचे नाही. अट एकच : कोणी हसायचे नाही. यासाठी ना अनुदान लागते ना नवी खोली. पहिला शब्द म्हणून ‘पास’ घ्यावा. त्याची वाक्ये मी आणते.

ही सारी हकीकत मी बाबांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला तर ते का हसले तेसुद्धा कळलं नसतं.” मी म्हटले, “बाबा, एकच विषय राहिलाय तुमचा. पुन्हा बसा ना परीक्षेला.” ते म्हणाले, “या वयात? पोरं हसतील गं.”

पोरं म्हणजे आपणच. बाबांना काय उत्तर द्यायचे?