पातेल्यातला घाम

मे महिन्यात आमच्या रत्नागिरीत धावण्याचं शिबिर होतं. एक पाहुणे मार्गदर्शक आले आणि तासाभराच्या भाषणात त्यांनी मुलांच्या आईबापांना पटवून दिलं की, उन्हाळ्यात धावायचं तर अंगाला आवळून बसणाऱ्या कॉम्प्रेशन टाइट्स आणि तसलाच पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट हवाच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे कापड घाम शोषतं, म्हणून अंग गार राहतं. स्नायू आवळलेले असले की थरथरत नाहीत, म्हणून तापत नाहीत. कापडाला हात लावून बघा, गारच लागतं. आणि जगातले मोठे खेळाडू ते घालतात, ते काय वेडे आहेत? चार वाक्यांत चार चुका. पण टाळ्या पडल्या, आणि पुढच्या आठवड्यात सात मुलं काळ्या टाइट्स घालून भाट्याच्या पुळणीवर हजर झाली. त्यातल्या एकीच्या आईने शिवणकामाच्या पैशातले अठराशे रुपये त्यासाठी मोजले होते. मला राग आला तो या अठराशे रुपयांचा.

मोठ्या खेळाडूंचं आधी उरकतो. ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये पुढे असणारे बहुतेक धावपटू उन्हात बिनबाह्यांच्या बनियनवर आणि आखूड चड्डीवर धावतात. हाताला लागणारा गारवा दुकानातला आहे. कापड अंगाइतकं तापलं की तो संपतो, आणि त्याला मिनिटभरही लागत नाही. थरथरीचं तर बोलायलाच नको. स्नायू तापतो तो काम करतो म्हणून. आवळल्याने काम कमी होत नाही.

आता घाम. सगळी गफलत इथे आहे, आणि ती एकट्या या पाहुण्यांची नाही. घाम आल्याने अंग गार होत नाही. घाम शोषल्यानेही होत नाही. घाम कातडीवरून वाळतो, वाफ होऊन उडतो, तेव्हा उडताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तोच एक लिटर वाळूवर ठिबकला किंवा कापडात मुरून राहिला, तर त्याने जवळपास काहीच नेलं नाही. नुसतं शोषणं पोतेऱ्यालाही जमतं. पोतेरं गुंडाळून कोणी धावायला जात नाही. कापड घाम बाहेरच्या अंगाला नेतं आणि तिथे तो वाळतो, असं यावर उत्तर येतं. नेतं, मान्य. पण तिथे वाळताना लागणारी उष्णता थोडी कापडाची असते, थोडी आजूबाजूच्या हवेची. कातडीचा वाटा तेवढा घटतो.

हे मी पाहुण्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यांना पटलं नाही, म्हणून मुलं टाइट्स घालून आल्यावर मोजून पाहिलं. सोळा वर्षांची मुलगी, वजन ४५ किलो, सकाळी सात वाजता आठ किलोमीटर. हवा अशी की दोरीवरचा पंचा रात्रभर ओलाच होता. निघण्यापूर्वी टाइट्स स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या: १९० ग्रॅम. परतल्यावर तिने बदलून आणून दिल्या: ३३० ग्रॅम. तिच्यादेखत त्या जर्मनच्या पातेल्यात पिळल्या. तळाशी गढूळ, कोमट, खारट पाणी जमलं आणि त्यात पुळणीची बारीक वाळू बसली. उरलेलं कापडातच राहिलं. १४० ग्रॅम न वाळलेला घाम. तो कातडीवर वाळला असता तर ८० किलोकॅलरी उष्णता गेली असती. ४५ किलोचं शरीर एक अंशाने तापायला साधारण ३७ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे दोन अंशांचा गारवा माझ्यासमोर पातेल्यात पडला होता. उघड्या पायांवरूनही त्यातला काही ठिबकलाच असता, हे मी लपवत नाही. पण आठ किलोमीटरला या मुलीच्या अंगात साडेतीनशेच्या वर किलोकॅलरी तयार होतात आणि सपाट वाटेवर त्यातली बहुतेक सगळी उष्णताच होते. अशा हिशेबात ८० ही किरकोळ रक्कम नाही. ती मुलगी एवढंच म्हणाली, "सर, मांड्या भाजल्यागत झाल्या." तिच्या मांड्यांना भाषणापेक्षा जास्त कळत होतं.

कारण टाइट्सखालची कातडी खरंच जास्त तापते. प्रयोगशाळांतल्या बहुतेक चाचण्यांत हेच दिसतं. सौम्य हवेत शरीराच्या गाभ्याचं तापमान मात्र फारसं बदलत नाही, आणि विरोधक याच वाक्याला धरून बसतात: बघा, अपाय नाही! अपाय नाही म्हणजे उपाय आहे असं होत नाही. "गार ठेवतं" हा दावा होता. "फारसं तापवत नाही" ही माघार आहे. शिवाय सौम्य हवा म्हणजे कोकणातला मे नव्हे. गाभा ३८.५ अंशांवर आणि कातडी ३४वर असेल, तर रक्ताला उष्णता बाहेर आणायला साडेचार अंशांचा उतार मिळतो. कातडी ३५ झाली की तो साडेतीन उरतो. तेवढीच उष्णता काढायला आता सव्वापटीहून जास्त रक्त कातडीकडे धाडावं लागतं, आणि ते येतं पायांच्या वाट्यातून आणि हृदयाच्या ठोक्यांतून.

घाम काढला की काम झालं, ही समजूत जुनी आहे. वीस वर्षांपूर्वी मी हाच वाद प्लॅस्टिकच्या सुटावरून घातला होता. तेव्हा पोरं वजन उतरवायला पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून पळायची आणि निथळणारा घाम दाखवून चरबी वितळली म्हणायची. १९९७ साली अमेरिकेत पाच आठवड्यांच्या आत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत असले रबरी सूट बंद झाले. टाइट्स म्हणजे रबरी सूट नव्हे, त्यातून हवा खेळते. पण दोन्हींमागचं अज्ञान एकच: घाम दिसला म्हणजे उष्णता गेली.

पाहुण्यांनी शेवटी वाळवंटाचा दाखला दिला: तिकडचे लोक नखशिखान्त झाकलेले असतात ना? असतात. पण सैल! १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात हा प्रश्न नेगेव्हच्या उन्हात तपासला होता: बदाऊनी लोक एवढ्या उन्हात काळे झगे का घालतात? उत्तर असं आलं की, काळ्या आणि पांढऱ्या झग्यात माणसाला लागणारी उष्णता सारखीच होती. काळा झगा जास्त तापत होता, पण ती जादा उष्णता आतल्या हवेबरोबर बाहेर निघून जात होती. चुलीचं धुराडं चालतं तसं. टाइट्समध्ये ही फटच नाही. आमचा शेतकरी उन्हात सैल सदरा घालतो आणि डोक्याला पंचा गुंडाळतो, त्याला हे शिकवायला कोणी यावं लागलं नाही. विदर्भातल्या कोरड्या, ४२-४३ अंशांच्या उन्हात अंग झाकावंच. पण झाकणं वेगळं आणि आवळणं वेगळं.

मग करायचं काय? नवं काहीच नाही. सैल, पातळ, बिनबाह्यांचा शर्ट. नव्या हवेत आल्यावर दहा-चौदा दिवस धाव हळूहळू वाढवणं. डोक्यावर, मानेवर पाणी. आणि हवेचा दमटपणा बघून वेग ठरवणं. १९५०च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांना प्रशिक्षणात उष्माघात होऊ नये म्हणून एक निर्देशांक तयार झाला. त्यात दमटपणा टिपणाऱ्या ओल्या फडक्याच्या तापमापकाला ७० टक्के वजन दिलंय, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० आणि नुसत्या हवेच्या तापमानाला फक्त १०. किनाऱ्यावर धावणाऱ्याने हे आकडे पाठ करावेत. पहाटे साडेपाचला निघावं, हे तर आलंच.

टाइट्स फेकून द्या असं मी कोणाला सांगितलेलं नाही. मांड्या घासत असतील तर त्या कामाच्या आहेत. दमणुकीनंतर घातल्या तर दुसऱ्या दिवशीचं दुखणं थोडं कमी झाल्याचं काही अभ्यासांत आढळलंय. थंडीत तर कातडी उबदार राहणं हाच त्यांचा गुण. त्या मुलीच्या टाइट्स आता धुऊन, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवल्या आहेत. डिसेंबरात नाशिकला स्पर्धा आहे. पहाटेच्या सरावाला ती त्या घालील. पुळणीवर ती सध्या भावाच्या जुन्या सैल चड्डीत धावते, आणि सुरूच्या झाडाखाली मी पाण्याची बादली भरून ठेवतो.