विश्लेषण : आफ्रिकेकडे पाहताना रशिया-चीनच का दिसतात?

युक्रेनवरील आक्रमणाबद्दल रशियाचा निषेध करणारा ठराव २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मताला आला. १४१ देश बाजूने, पाच विरोधात, ३५ तटस्थ. तटस्थांपैकी तब्बल १७ आफ्रिकेतले. आठ आफ्रिकी देश मतदानाला फिरकलेच नाहीत. लगेच रशियन शस्त्रे, वॅग्नरचे भाडोत्री सैनिक, जुनी सोव्हिएत मैत्री अशी कारणे पुढे आली. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. याच खंडातल्या २८ देशांनी ठरावाला पाठिंबा दिला होता, त्याचे काय?

केनिया काय म्हणाला होता?

मतदानाच्या नऊच दिवस आधी केनियाचे राजदूत मार्टिन किमानी सुरक्षा परिषदेत बोलले. आफ्रिकेच्या सीमा आफ्रिकेने आखल्या नाहीत. त्या लंडन, पॅरिस, लिस्बनमध्ये ठरल्या. एकेका वंशाचे वेगळे राष्ट्र करायला निघालो असतो, तर आजही रक्तपात सुरू असता, असा त्यांचा युक्तिवाद होता. आंतरराष्ट्रीय कायदा मोडणाऱ्या इतर बड्या देशांनाही त्यांनी सोडले नाही. या भूमिकेचे मूळ १९६४ मध्ये आहे. त्या वर्षी कैरोत आफ्रिकी ऐक्य संघटनेने स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा मान्य करण्याचा ठराव केला. इरिट्रिया आणि दक्षिण सुदान पुढे वेगळे झाले, तरी तत्त्व टिकले. हे धोरण मॉस्कोने शिकवलेले नाही, वॉशिंग्टननेही नाही.

मग कायम जागा का नाही?

संयुक्त राष्ट्रांच्या ५१ संस्थापक सदस्यांत आफ्रिकेचे चारच देश होते. आज १९३ पैकी ५४ आहेत, पण सुरक्षा परिषदेत कायम जागा एकही नाही. नकाराधिकारासह दोन कायम जागा हव्यात, ही मागणी २००५ च्या एझुल्विनी मतैक्यापासून कायम आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने दोन जागांना होकार दिला, नकाराधिकाराला मात्र नाही. म्हणजे पंगतीत पाट मिळेल, वाढपी मात्र तेच! अर्थात सगळा दोष बाहेरच्यांचा नाही. ते दोन देश कोणते, यावर नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, इजिप्त यांचे जमत नाही.

भारताचा संबंध काय?

दिल्ली विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचा विभाग १९५५ मध्येच सुरू झाला. मुंबई विद्यापीठातही असे केंद्र आहे. २०२३ मध्ये दिल्लीतच आफ्रिकन युनियन जी-२० ची सदस्य झाली. तरीही भारतातली सार्वजनिक चर्चा बहुधा चीनने किती बंदरे बांधली इथे सुरू होते आणि तिथेच संपते. अदिस अबाबात आफ्रिकन युनियन काय ठरवते, याची बातमी क्वचितच होते. सुरक्षा परिषदेच्या विस्तारासाठी आमसभेत दोन तृतीयांश मते लागतात. ५४ मतांशिवाय भारताची स्वतःची कायम जागाही अवघड आहे.