सोडियम उतरले म्हणजे मीठच कमी पडले का?

“परवापासून आजी काहीबाही बोलतात, घरच्यांनाही ओळखत नाहीत,” असे सांगत नातेवाईक येतात, तेव्हा हा वयाचा विसराळूपणा, असे त्यांनी बहुधा ठरवूनच टाकलेले असते. पण तो विसराळूपणा महिनोन्‌महिने सावकाश वाढतो. दोन दिवसांत माणूस बदलला, तर रक्त तपासावे. कित्येकदा सोडियम ११८ किंवा १२० निघते. निरोगी माणसात ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असते.

आकडा उतरला की घरात मिठाची बरणी पुढे येते. गफलत होते ती येथेच. हा आकडा शरीरातील एकूण मीठ सांगत नाही. पाण्याच्या मानाने सोडियम किती, एवढेच सांगतो. आमटीत पाणी ओतले की आतले मीठ तेवढेच राहूनही ती अळणी लागते, तसेच हे. हृदय वा यकृत थकल्यामुळे पायांवर सूज असलेल्या रुग्णाला मीठ चारले, तर सूज आणि दम दोन्ही वाढतात. याउलट जुलाब-उलट्यांनी सुकलेल्याला मीठही हवे, पाणीही. आकडा तोच, उपचार मात्र निराळे. म्हणूनच डॉक्टर सूज आणि जीभ पाहतात, लघवीतील सोडियम तपासतात. रक्तातील साखरही पाहतात, कारण ती फार चढली की सोडियम कमी दिसते.

माझ्या मते सर्वांत बोलकी असते ती औषधांची पिशवी. ती घरी विसरू नये. रक्तदाबाच्या गोळ्यांतील हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापमाइड, नैराश्यावरील एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन आणि फिट्‌सवरील ऑक्सकार्बाझेपिन यांनी वृद्धांचे सोडियम उतरू शकते, विशेषतः गोळी नवी असताना. मात्र गोळी परस्पर बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

झटके आले किंवा गुंगी चढली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे पहिल्या काही तासांत सोडियम थोडे चटकन वाढवतात, पुढे मुद्दाम सावकाश. नातेवाईक अधीर होतात. पण बरेच दिवस उतरलेले सोडियम झपाट्याने चढवले, तर मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून २४ तासांत ८ ते १० च्या पलीकडे सहसा जात नाहीत.

उलट प्रकारही घडतो. अंथरुणाला खिळलेल्याचे सोडियम १४५ च्या वर जाते, ते बहुधा पाणी कमी पडल्याने. उशाशी तांब्या भरलेला असतो, पण हात पोहोचत नाही आणि तहान सांगता येत नाही. गिळणे नीट असेल आणि डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर अशा रुग्णाला दिवसभरात अधूनमधून स्वतःहून, बसते करून पाणी पाजावे.