गळक्या आतड्याचा बागुलबुवा

आतड्याच्या आतल्या अस्तरात पेशींचा एकच थर असतो. या थराविषयी सध्या जोरात सांगितले जाते ते असे: आतडे गळके झाले आहे, त्यातून विष रक्तात उतरते, थकवा, मुरुमे, सांधेदुखी, उदासी सारे त्यातूनच उद्भवते, मलाची तपासणी करा, जिवाणूंची कॅप्सूल घ्या, गळती बुजेल.

पाणी, क्षार आणि पोषक द्रव्ये आत घेणे हे या अस्तराचे कामच आहे. पेशींमधले प्रथिनांचे सांधे गरजेप्रमाणे सैल-घट्ट होतात. बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. सीलिअ‍ॅक किंवा क्रोनच्या आजारात पारगम्यता खरोखर वाढते. पण म्हणून प्रत्येक थकलेल्या माणसाचे आतडे फाटले, असे म्हणणे ही रुग्णाची फसवणूक आहे.

कॅप्सूलचा दावा तर सर्वांत पोकळ आहे. इस्रायलमध्ये झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना प्रतिजैविके देऊन त्यांचे तीन गट केले. एकाला अकरा प्रकारच्या जिवाणूंची पूरके दिली, दुसऱ्याला काहीच नाही, तिसऱ्याला आधी साठवलेला त्यांचाच मल परत दिला. तिसऱ्या गटातले मूळचे जिवाणू काही दिवसांत परतले, काहीच न घेणाऱ्यांचे काही आठवड्यांत. पूरके घेणाऱ्यांचे मात्र महिनोन्‌महिने पूर्ववत झाले नाहीत. बाहेरून आलेल्यांनी जागा अडवली होती. प्रयोग लहान होता, हे खरे. पण ‘घेतले तर तोटा काय’ हा विक्रेत्यांचा लाडका युक्तिवाद त्याने मोडीत काढला. काही विशिष्ट आजारांत काही विशिष्ट जिवाणूंचा उपयोग होतो, सरसकट नव्हे.

आतड्यातल्या विषाचा हा बागुलबुवा नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘आतड्यातले विष’ हेच कारण सांगून शल्यचिकित्सकांनी धडधाकट मोठी आतडी कापून काढली. त्या सिद्धान्ताला पुरावा तेव्हाही नव्हता.

मग अस्तराचे रक्षण कशाने होते? मोठ्या आतड्यात अस्तराला जिवाणूंपासून दूर ठेवतो तो श्लेष्माचा दुपदरी लेप. आतला पदर जवळपास जिवाणूरहित असतो. जिवाणू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट तयार करतात, तेच तिथल्या पेशींचे मुख्य इंधन. माणसाच्या आतड्यातले जिवाणू उंदरांमध्ये वाढवून त्या उंदरांच्या अन्नातले तंतू बंद केले, तेव्हा ते जिवाणू श्लेष्माच खाऊ लागले. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी यांचे मोल इथे आहे. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगते. प्रमाण हळूहळू वाढवावे. मलातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे.